विश्लेषण : डीव्हीडी ‘बर्न’ झाली, तरी संगणक सुरू का होत नाही?

रावेतच्या नव्या सोसायट्यांमध्ये लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या तरुणाला ‘डीव्हीडी बर्न कर’ म्हटले, तर तो आधी हसेल आणि मग लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, हे दाखवेल. पण याच सोसायट्यांमधून रोज सकाळी भोसरी, चाकण, तळेगावच्या दिशेने निघणाऱ्यांपैकी अनेकांना कामाच्या ठिकाणी वेगळे जग भेटते. मशीनशेजारी एक जुना पीसी असतो. कुठे तो सीएनसीला प्रोग्राम पाठवतो, कुठे मोजमापाच्या सीएमएमला जोडलेला असतो, कुठे नुसती लेबले छापतो. त्यावर विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असते. यंत्र उत्तम चालते आहे, म्हणून पीसीलाही कोणी हात लावत नाही. एक दिवस त्याची हार्ड डिस्क बसते आणि शिफ्टमधल्या सगळ्यांना डीव्हीडीची आठवण होते.

मायक्रोसॉफ्टने एक्सपीची सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, विंडोज ७ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १०ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यामुळे जुने संगणक पुन्हा उभे करणे किंवा त्यांवर लिनक्स टाकणे, हे काम कमी झालेले नाही. इंटरनेटवरून आयएसओ फाइल उतरवायची, डीव्हीडीवर घ्यायची आणि संगणक त्यावरून सुरू करायचा, एवढाच हा उद्योग. वरवर पाहता तो दहा-पंधरा मिनिटांचा आहे. प्रत्यक्षात तीन डीव्हीडी वाया जातात, चौथी ‘यशस्वी’ झाल्याचा संदेश येतो आणि संगणक तरीही काळ्या पडद्यावर अडून राहतो.

आयएसओ फाइल म्हणजे नेमके काय?

हे नाव आयएसओ ९६६० या १९८८च्या मानकावरून आले. आयएसओ फाइल म्हणजे एखाद्या डिस्कची हुबेहूब प्रत. त्यात फक्त फोल्डर आणि फाइली नसतात. डिस्कवर कोणती गोष्ट कुठे आहे याची यादी आणि संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचायचा छोटा भाग, हे सगळे त्यात ठरावीक जागी असते. ही मांडणी २,०४८ बाइटच्या तुकड्यांत केलेली असते. तुकडा जिथला तिथे बसला तरच डिस्क बूट होते.

डिस्कवरून संगणक सुरू करण्याची पद्धत १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांच्या अभियंत्यांनी ठरवली. तिचे नाव ‘एल टोरिटो’. कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन उपाहारगृहाचे हे नाव तंत्राला चिकटले, ते आजतागायत.

सर्वाधिक होणारी गफलत कोणती?

कोरी डीव्हीडी घातली की विंडोज विचारते : ही डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? बहुतेक जण काहीतरी एक निवडतात, आयएसओ फाइल माउसने ओढून डिस्कवर टाकतात आणि काम झाले असे समजतात. डिस्क उघडून पाहिली तर आत एकच मोठी फाइल दिसते. हे म्हणजे घराचा नकाशा प्लॉटवर नेऊन ठेवण्यासारखे आहे. घर काही उभे राहत नाही.

नीट लिहिलेल्या डिस्कवर आयएसओ नावाची फाइल दिसताच कामा नये. ‘बूट’, ‘सोर्सेस’, ‘सेटअप’ अशी नावे किंवा लिनक्स असेल तर ‘कॅस्पर’सारखे फोल्डर दिसले पाहिजेत. ही तपासणी पाच सेकंदांची आहे आणि निम्मी प्रकरणे इथेच उलगडतात.

विंडोज ७ आणि पुढच्या आवृत्त्यांत वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. फाइलवर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडायचे. विंडोज ११ मध्ये हा पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत असतो. तो दिसतच नसेल, तर बहुधा सेव्हन-झिप किंवा विनरार यांसारख्या प्रोग्रामने आयएसओ फाइली स्वतःकडे घेतलेल्या असतात. ‘ओपन विथ’मध्ये जाऊन ‘विंडोज डिस्क इमेज बर्नर’ निवडले की पर्याय परत येतो. एक्सपीमध्ये मात्र ही सोयच नव्हती. तिथे इमगबर्नसारखा वेगळा प्रोग्राम घ्यावा लागतो. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ची आहे. काही डाउनलोड साइटवर त्यासोबत जाहिरातींचे नको ते प्रोग्रामही गळ्यात पडतात, म्हणून इन्स्टॉल करताना प्रत्येक खिडकी वाचूनच ‘नेक्स्ट’ दाबावे.

आणखी एक अडचण इथूनच उगवते. सुरुवातीच्या प्रश्नाला ‘पेन ड्राइव्हसारखी’ असे उत्तर दिले, की विंडोज ती डिस्क फॉरमॅट करून टाकते. मग ती कोरी राहत नाही आणि नंतर आयएसओ लिहायला गेल्यावर बर्नर ‘कोरी डिस्क घाला’ म्हणून अडून बसतो. डिस्क खराब नसते, फक्त वापरलेली असते. असा प्रश्न आला की खिडकी सरळ बंद करावी.

डाउनलोड पूर्ण झाले, पण फाइल पूर्ण आहे का?

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीन-चार जीबीची फाइल उतरवताना नेट दोनदा तुटते, पुन्हा जोडले जाते आणि ब्राउझर ‘पूर्ण’ असे सांगून मोकळा होतो. फाइलचा शेवटचा भाग आलेलाच नसतो. ‘डिस्क इमेज वैध नाही’ असा संदेश येतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. कधी संदेशही येत नाही. डिस्क लिहिली जाते, संगणक सुरूही होतो आणि इन्स्टॉलेशन ६०-७० टक्क्यांवर गेल्यावर फाइल सापडत नाही म्हणून थांबते. तोवर जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट झालेली असते.

यावर उपाय म्हणजे हॅश. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवर गणित करून काढलेली ही खूण असते. एक बाइट बदलला तरी खूण पार बदलते. लिनक्सच्या अधिकृत साइटवर प्रत्येक आयएसओसोबत एसएचए-२५६ पद्धतीची ६४ अक्षर-अंकांची खूण दिलेली असते. आपल्या फाइलची खूण काढण्यासाठी विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा आहे, अर्थात ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करावी लागते. आज्ञा नको असतील तर सेव्हन-झिप बसवल्यावर राइट क्लिकमध्येच एसएचएचा पर्याय मिळतो. सगळी ६४ अक्षरे जुळवत बसू नका असे काही जण सांगतात, पहिली आणि शेवटची सहा पाहा म्हणतात. अपुरे डाउनलोड पकडण्यापुरते ते चालेल. पण कोणी मुद्दाम बदललेली फाइल नको असेल, तर पूर्ण खूण कॉपी करून शोधपट्टीत जुळवणेच बरे.

विंडोज ८ पासून आयएसओवर डबल क्लिक केले की ती आभासी ड्राइव्ह म्हणून उघडते. उघडलीच नाही, तर ती डिस्कवर घेण्यात अर्थ नाही. त्याहून पक्की चाचणी म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स हा मोफत प्रोग्राम. त्यात नकली संगणक तयार करून त्याला ही आयएसओ द्यायची. तिथे सुरू झाली तर फाइल बरोबर आहे, आणि अडचण पुढे कुठेतरी शोधायची. यात डीव्हीडी एकही खर्च होत नाही.

पेन ड्राइव्हवरून फाइल नेणाऱ्यांना आणखी एक भिंत आडवी येते. बाजारातले अनेक पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी नाही. तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला की प्रश्न सुटतो. आतला डेटा मात्र आधी काढून घ्यायला हवा.

४.७ जीबीच्या डीव्हीडीवर ४.६ जीबीची फाइल का बसत नाही?

कारण दोन्हीकडचा जीबी वेगळा आहे. डीव्हीडीच्या वेष्टणावरचे ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट. विंडोज मात्र १,०२४च्या पटीत मोजते, त्यामुळे तीच डिस्क तिथे ४.३७ जीबी दिसते. विंडोजमध्ये ४.६ जीबी दिसणारी फाइल प्रत्यक्षात ४९० कोटी बाइटच्या पुढे जाते. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये कंसात पूर्ण बाइट दिलेले असतात, तोच आकडा खरा मानायचा.

या हिशोबात अगदी काठावर एक गंमत आहे. ‘डीव्हीडी वजा आर’ प्रकारात ४,७०,७३,१९,८०८ बाइट बसतात, तर ‘डीव्हीडी अधिक आर’ प्रकारात ४,७०,०३,७२,९९२. म्हणजे वजावाली डिस्क अधिकवालीपेक्षा सुमारे ७० लाख बाइटने मोठी. एखादी फाइल एका डिस्कवर बसते आणि तशाच दिसणाऱ्या दुसरीवर बसत नाही, त्याचे उत्तर कधी कधी इतके बारीक असते.

आजच्या विंडोज ११ आणि उबुंटूच्या फाइली ५ जीबीच्या पुढे गेल्या आहेत, त्या साध्या डीव्हीडीवर बसणारच नाहीत. त्यासाठी ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क लागते आणि ती लिहू शकणारा ड्राइव्हही. दुकानात ती सहज मिळत नाही, मिळाली तर महाग पडते आणि जुने ड्राइव्ह ती वाचताना कुरकुर करतात. जुन्या संगणकासाठी लिनक्स मिंटसारखी तीन जीबीच्या आसपासची प्रणाली निवडणे जास्त शहाणपणाचे. विंडोज ७ची ६४ बिटची फाइलही एका डीव्हीडीत मावते.

बर्निंग मध्येच का थांबते?

आधी ड्राइव्हचा चेहरा पाहा. सगळे डीव्हीडी ड्राइव्ह डीव्हीडी लिहीत नाहीत. दोन हजारच्या दशकातल्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘कॉम्बो’ ड्राइव्ह होता : तो सीडी लिहायचा, डीव्हीडी फक्त वाचायचा. ट्रेवर ‘डीव्हीडी-रॉम’ किंवा नुसते ‘डीव्हीडी’ छापलेले असेल, तर त्यात कितीही चांगली कोरी डिस्क घातली तरी संगणक ‘डिस्क घाला’ म्हणत राहील. लिहिणाऱ्या ड्राइव्हवर ‘आरडब्ल्यू’ किंवा ‘रीरायटेबल’ ही खूण असते.

लिहिता येते, पण सुरुवातीलाच ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येते, असे असेल तर गोष्ट लेझरची आहे. डीव्हीडीवर प्रत्यक्षात काही खोदले जात नाही. सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर डिस्कमधल्या रंगद्रव्याच्या थरावर डाग पाडतो. किती शक्ती लावायची हे ठरवण्यासाठी ड्राइव्ह आधी डिस्कच्या आतल्या कडेला लहानशी चाचणी घेतो. तीच चाचणी फसली की ही एरर येते. कारणे दोन : लेन्सवर बसलेली धूळ किंवा डिस्कचा दर्जा. शॉप फ्लोअरवरच्या पीसीत धुळीबरोबर कूलंटचे तेलकट बाष्पही लेन्सवर बसते. म्हणूनच डिस्क कारखान्यातल्या पीसीवर न लिहिता घरी किंवा ऑफिसात लिहून न्यावी. फुंकर मारून लेन्स साफ करण्याचा मोह मात्र टाळावा, थुंकीचे कण धुळीपेक्षा वाईट.

यूएसबीने जोडायचा पातळ ड्राइव्ह वापरत असाल तर संशय विजेवर घ्या. यूएसबी २.० पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो. वाचायला तेवढे पुरते, लिहिताना लेझर आणि मोटर मिळून अधिक मागतात. ड्राइव्ह हबमध्ये लावला असेल तर मध्येच तो नाहीसा होतो, खट् असा आवाज येतो आणि डिस्क गेली. ड्राइव्ह थेट संगणकाला लावावा. सोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडे लावावीत.

काम ९० टक्क्यांच्या पुढे जाऊन फसते, तेव्हा वेग कमी करून पाहा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि ‘१६ एक्स’सारखा वेग बाहेरच्या कडेलाच गाठला जातो. डिस्क किंचित वाकडी असेल, तर थरथर तिथेच सर्वांत जास्त असते. डीव्हीडीचा ‘१ एक्स’ म्हणजे सेकंदाला सुमारे १३.८५ लाख बाइट. ‘४ एक्स’ने पूर्ण डिस्क १४-१५ मिनिटांत होते, ‘८ एक्स’ने साधारण निम्म्या वेळात. सात मिनिटे वाचवण्यासाठी डिस्क पणाला लावण्यात काही राम नाही. विंडोजच्या स्वतःच्या बर्नरमध्ये वेग निवडता येत नाही, त्यासाठी इमगबर्न किंवा लिनक्सवरचे के-थ्री-बी, ब्रासेरो असे प्रोग्राम घ्यावे लागतात.

बाजारातल्या कोऱ्या डिस्कबद्दलही सांगायला हवे. एकेकाळी गल्लोगल्ली मोझर बेअरच्या डिस्क मिळत. ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश झाला. आज दुकानाच्या कपाटात जी डिस्क सापडते, ती किती वर्षे तिथे आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते. रंगद्रव्याचा थर न वापरताही उतरतो. ऊन लागलेल्या खिडकीतले पॅक घेऊ नये. पहिल्या दोन डिस्क फसल्या तर त्याच पॅकमधली तिसरी न घालता वेगळ्या कंपनीची एक आणून पाहावी.

आणि गुरुवारी वीज सांभाळा. या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि महावितरणची देखभालीची कामेही बहुधा त्याच दिवशी निघतात. कारखाना बंद म्हणून संगणकाची कामे गुरुवारी काढली जातात, हे खरे. यूपीएस नसेल तर लिहिता लिहिता वीज गेलेली डिस्क चहाच्या कपाखाली ठेवण्यापलीकडे उपयोगाची नसते.

डिस्क बरोबर आहे, तरी मशीन सुरू का होत नाही?

‘व्हेरिफाय डिस्क आफ्टर बर्निंग’ या चौकटीत टिक केली होती का? केली असेल तर लिहिलेले पुन्हा वाचून ताडले गेले आहे. नसेल तर ‘यशस्वी’ या संदेशाचा अर्थ लेझर शेवटपर्यंत चालला, इतकाच.

ताडलेली डिस्कही चालत नसेल, तर प्रश्न बहुधा त्या संगणकाच्या सेटिंगमध्ये असतो. सुरू करताना एफ-१२, एफ-९, एस्केप किंवा डिलीट यांपैकी कंपनीनुसार एखादी की दाबून बूटचा क्रम पाहावा लागतो. हार्ड डिस्क पहिली असेल तर डीव्हीडीकडे कोणी बघतच नाही. ‘प्रेस एनी की’ असा संदेश काही सेकंदच दिसतो, तेव्हा कळफलकावर काहीही दाबले नाही तर संगणक पुढे निघून जातो. अनेकांची ‘न चालणारी’ डिस्क इथेच अडकलेली असते. नव्या संगणकात यूईएफआय आणि जुन्यात बायोस, असा फरकही आडवा येतो. मूळ विंडोज ७ला सुरक्षित बूट बंद करावे लागते. आणि फार जुना ३२ बिटचा प्रोसेसर असेल, तर ६४ बिटची प्रणाली त्यावर चालणारच नाही. डिस्क दहा वेळा लिहिली तरी नाही.

चाचणीसाठी पुन्हा पुन्हा लिहिता येणारी ‘आरडब्ल्यू’ डिस्क चांगली, असे वाटणे साहजिक आहे. पण तिचा परावर्तक थर साध्या डिस्कपेक्षा मंद असतो, त्यामुळे थकलेले जुने ड्राइव्ह ती वाचू शकत नाहीत. घरच्या संगणकावर सुरू झालेली ‘आरडब्ल्यू’ कारखान्यात गप्प बसली, तर तीच आयएसओ एकदा साध्या ‘आर’ डिस्कवर घेऊन पाहा.

मशीनच्या पीसीवर नवी प्रणाली टाकण्याआधी एक गोष्ट करायलाच हवी. जुनी हार्ड डिस्क थोडीजरी वाचता येत असेल, तरी तिची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. विंडोज कुठेही मिळेल; यंत्राच्या कंपनीने वीस वर्षांपूर्वी दिलेला ड्रायव्हर, लायसन्सची फाइल आणि ऑपरेटरने वर्षानुवर्षे सुधारलेले प्रोग्राम कुठेच मिळणार नाहीत. चाकणच्या मोठ्या कारखान्यांना ठरल्या वेळी सुटे भाग पोहोचवणाऱ्या लहान वर्कशॉपसाठी नुकसान या फाइलींचे असते.

मग पेन ड्राइव्हच का नाही?

जिथे चालतो तिथे जरूर वापरावा. रुफससारख्या प्रोग्रामने आयएसओ पेन ड्राइव्हवर घेणे सोपे, जलद आणि आकाराची अडचण नसलेले काम आहे. पण जुने बायोस यूएसबीवरून सुरू होत नाहीत, आणि अनेक कंपन्यांत व्हायरसच्या भीतीने यूएसबी पोर्ट बंद केलेले असतात. एकदा लिहिलेली ‘आर’ डिस्क नंतर कोणाला बदलता येत नाही. ती दहा मशीनमध्ये फिरली तरी एकाचा व्हायरस दुसऱ्याला देत नाही.

न्यायालयात दिलेल्या डिस्कचे काय?

डिस्क बदलता येत नाही, हा गुण पुराव्याच्या कामीही येतो. सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण पोलिसांना देण्याची वेळ आता कुठल्याही सोसायटीवर येते. पण नुसती डिस्क देऊन भागत नाही, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने स्पष्ट केले. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रणाच्या सीडी दाखल झाल्या. सीडीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र नव्हते. मागूनही ते मिळाले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल देताना म्हटले, की मूळ उपकरणच न्यायालयात आणले नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे आणि त्यात हॅशची नोंद करावी लागते. वर आयएसओ तपासायला वापरलेली एसएचए-२५६ खूण इथेही चालते.

इथे एक तांत्रिक फट आहे. डीव्हीडीवर १६ तुकड्यांचा, म्हणजे ३२ केबीचा एकेक गट लिहिला जातो. शेवटचा गट अपुरा असेल तर ड्राइव्ह तो शून्यांनी भरतो. त्यामुळे अख्ख्या डिस्कची खूण काढली तर ती आयएसओ फाइलच्या खुणेशी जुळेलच असे नाही, आणि कोणी तेवढ्यावरून छेडछाडीचा आरोप करू शकते. चित्रणाच्या प्रत्येक फाइलची खूण डीव्हीआरमधून काढल्याबरोबर घ्यावी, डिस्कवर गेल्यावर त्याच फाइलींची पुन्हा घ्यावी आणि दोन्ही कागदावर उतरवाव्यात. डीव्हीआर मात्र ठरावीक दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे लिहितो. प्रमाणपत्र कोणी सही करायचे यावर सोसायटीच्या बैठकीत चर्चा सुरू असताना मूळ चित्रण पुसले जाऊ नये, म्हणून ते आधी काढून ठेवावे.